वरचं सभागृह

"मॅडम, आमची दोन पोरं तुम्हाला खुर्चीसकट उचलून नेतील. काळजीच नको," ग्रंथालयाचे अध्यक्ष खोत हसत म्हणाले, आणि शर्वरीच्या अंगाचा तिळपापड झाला.

अपंगांच्या अडचणींवर बोलायला त्यांनीच तिला कणकवलीहून बोलावलं होतं. ती व्हीलचेअरवर, आणि सभागृह वरच्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती.

"मी काय तांदळाचं पोतं आहे?" ती म्हणाली. "कार्यक्रम खाली आणा."

"अहो, वर पाहुणे बसलेत. बॅनर लागलाय. ऐनवेळी कसं जमणार?"

"मग त्या बॅनरलाच बोलायला लावा!"

खोत पुटपुटत जिना चढून गेले. शर्वरीने खुर्ची वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी नेली. तिथे पेपर चाळत बसलेल्या म्हाताऱ्यांना तिने विचारलं, "ऐकणार का?" त्यांनी पेपर मिटले. ती चढ्या आवाजात बोलू लागली, तसं वरचं स्वागतगीत मध्येच थांबलं. जिन्यावर पावलं वाजली. आधी दोन-चार, मग रांगच लागली. शेवटी शाल-श्रीफळ घेऊन खोतही उतरले.

टाळ्या झाल्या. शाल तिने घेतली नाही. निघताना दाराशी आगामी कार्यक्रमांचा फळा दिसला. 'रविवारी ज्येष्ठ नागरिकांचा मेळावा. स्थळ: वरचे सभागृह.'

निवत आलेला राग पुन्हा भडकला. तिने तळहाताने शेवटचे दोन शब्द खसाखसा पुसले आणि खोतांपुढे हात केला.

"खडू द्या."