जुळ्या कणांचा उजेड

लेसरखाली धरला की तो नाजूक रेणू दर वेळी जळून जायचा. असे सहा नमुने वाया गेले, तेव्हा सातव्यावर त्या संशोधक विद्यार्थिनीने लेसरच्या झोताऐवजी एकाच क्षणी जन्मणारे जुळे प्रकाशकण सोडायचं ठरवलं. एकेक जोडी सुटणार; त्यातला एक कण रेणूकडे जाणार आणि त्याचा जुळा थेट मोजणीयंत्रात. जुळा पोचल्याची खूण मिळाली, की लगेच रेणूची चमक टिपायची.

"इतक्या अंधुक उजेडात काय डोंबल दिसणार?" तिचे गाइड सर म्हणाले. "संध्याकाळी हे टेबल दुसऱ्यांना द्यायचंय, लक्षात ठेव."

चारच्या सुमारास पडद्यावरच्या सपाट रेषेतून हळूहळू एक टेकाड वर आलं: रेणूची चमक. तिने सरांना हाक मारली.

सरांनी आधी यंत्रावर संशय घेतला. मग जुळ्याच्या वाटेत स्वतःच काळा पुठ्ठा धरला. टेकाड वाढायचं थांबलं. पुठ्ठा काढताच पुन्हा वाढू लागलं. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. नमुना तपासला, तर तोही धडधाकट.

सर मटकन खुर्चीत बसले.

"काही चुकलं का, सर?" तिने विचारलं.

"पंचवीस वर्षांपूर्वी हाच प्रयोग करताना मी हात टेकले होते. तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलो, की हे होणारच नाही." त्यांनी डोळे पुसले, खुर्ची तिच्या शेजारी ओढली आणि हसत म्हणाले, "आता सांगा मॅडम, कसं केलंत?"