मान खाली

हार घेऊन आप्पासाहेब दारातच थबकले. पलंगावर त्यांचा पोरगा सूरज उताणा पडला होता, आणि तोही उलटा. पाय वर, डोकं खाली. पलंगाची पायाकडची बाजू दोन विटांइतकी उचललेली. डोक्याखाली उशी नाही. चेहरा गांधीलमाशी चावल्यासारखा सुजलेला. आणि हाताशी, नेमकी नजरेत भरेल अशी, लघवीची बाटली.

सूरजनं आधी बाटलीवर चादर ओढली. आप्पा आले की बसलेल्यानं उठायचं, ही त्यांच्या घरची रीत. त्याचे खांदे आपोआप ताठ झाले, तोच कोपऱ्यात टिपणं काढत बसलेल्या डॉक्टर तनुजा मॅडम वर न बघता म्हणाल्या, "डोकं खाली."

तो पडून राहिला. जाणता झाल्यापासून बापापुढे तो असा आडवा कधी पडला नव्हता. लाजेनं मान खाली घालावी, तर ती आधीच खाली होती.

चूक त्याचीच. निवड झाली तेव्हा घरी त्यानं सांगितलं, अंतराळाच्या कामासाठी मला घेतलंय. खोटं नव्हतं ते. पण पुढचं तो बोलला नाही आणि आप्पांना थांबवलं नाही. दुसऱ्याच दिवशी कात्रजच्या चौकात फ्लेक्स लागला. सूरजचं डोकं कुठल्यातरी परक्याच्या पांढऱ्या सूटवर चिकटवलेलं, मागे चंद्र, 'गावचा सुपुत्र अंतराळात', आणि खाली शुभेच्छुकांचे गॉगल लावलेले फोटो, त्यात सगळ्यात मोठा आप्पांचा. तो फ्लेक्स व्हॉट्सॲपवर त्याच्याकडेही आला. तेव्हा तरी बोलायचं की नाही! ह्या बहाद्दरानं उत्तरादाखल अंगठा पाठवला. आई फोनवर विचारायची, वर थंडी असंल का रं, स्वेटर देऊ का? हा म्हणायचा, बघू.

आता मंडळाची पोरं खाली संशोधन केंद्राच्या गेटबाहेर ढोल घेऊन उभी होती. आत एकालाच सोडतात म्हणून आप्पा एकटे वर आले होते, हार घालून फोटो काढायला.

"ऊठ जरा," आप्पा म्हणाले. "फोटोपुरतं."

तनुजा मॅडमनी त्यांना समजावलं, उठता यायचं नाही. जेवण, अंघोळ, सगळं आडव्यानंच. मध्येच डोकं वर झालं तर इतके दिवस केलेलं सगळं फुकट, आणि सूरजला घरी जावं लागेल. आप्पा कशाला ऐकतात. गाव महापालिकेत गेलं तरी लोक त्यांना अजून सरपंचच म्हणत. आपली ओळख कुठपर्यंत आहे तेही त्यांनी सांगून पाहिलं.

मॅडमनी ऐकून घेतलं. "काका, हार घालायचाच असेल तर पुढच्या महिन्यात या. येताना फुलं ताजी आणा."

आप्पा हार घेऊन पलंगाभोवती फिरले. डोक्याकडून बघितलं, पायाकडून बघितलं. आडव्या माणसाला हार कधी घालतात ते काय सांगायला हवं? त्यांचे हात वर जायचे आणि तसेच खाली यायचे. ते बघून सूरजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आप्पा, मी वर जाणार नाही," तो म्हणाला.

"असं अभद्र बोलू न्हाई."

"अंतराळात म्हणतोय मी. कधीच जाणार नव्हतो. जाणारे वेगळे आहेत."

मग छताकडे बघत त्यानं सगळं सांगून टाकलं. वर माणसाला वजन उरत नाही. रक्त डोक्याकडे चढतं, पायातलं बळ जातं, हाडं झिजतात. जाणाऱ्यांना काय काय होईल ते आधी जमिनीवर कळावं म्हणून इथं माणसांना असं उलटं निजवतात, रक्त काढतात, पोटऱ्या मोजतात. फ्लेक्स बघितला तेव्हाच सांगायचं होतं, पण तुम्ही एवढे खूश होता की जीभ रेटली नाही. लाज वाटते आप्पा, म्हणाला. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं नाही. ते कपाळाकडे गेलं आणि केसांत जिरलं.

आप्पा खुर्चीवर टेकले. उद्या चौकातून जायचं कोणत्या तोंडानं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. बराच वेळ त्यांनी हारातल्या झेंडूच्या पाकळ्या खुडल्या.

"अन् आता उठलास तर सगळं वाया?"

"हो."

"उभं पीक मोडल्यागत."

"तसंच."

तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. खालची पोरं विचारत होती, फोटो झाला का, ढोल सुरू करू का. सूरजनं डोळे मिटून घेतले. आप्पा नुसतं 'ऊठ' म्हणाले असते तर तो उठला असता, हे त्याला ठाऊक होतं. बहुतेक आप्पांनाही ठाऊक होतं.

"ढोल माघारी न्या," ते फोनमध्ये म्हणाले. "फोटो न्हाई व्हायचा. पोरगं कामावर हाय."

त्यांनी हार पिशवीत कोंबला. मग वाकून चादरीखालची बाटली बाहेर काढली आणि मॅडमना विचारलं, "ही कुठं वतायची?"

"ओतायची नाही, काका. मोजायची असते. सांडू नका."

आप्पांनी मघाशी हार धरला होता तशी ती दोन्ही हातांनी धरली आणि जपून पावलं टाकत मॅडमच्या मागून निघाले. सूरजला तोंड लपवायला उशीसुद्धा नव्हती.