दुगणीतलं टिपरू

"अजून एकदा टिपरू खाली पडलं, तर उद्या मिरवणुकीत पहिली रांग मुलांची," जीवनदादा म्हणाला. ढोलपथक त्यानंच उभं केलेलं. त्याच्या शब्दापुढं कुणी जात नसे.

पहिल्या रांगेतल्या मुलींनी गोदाकाठच्या पटांगणात विखुरलेली टिपरं उचलली. टिपरू हवेत उडवायचं, तोवर डाव्या हाताची थाप चालू ठेवायची, आणि ठरल्या ठोक्याला तेच टिपरू झेलून ढोलावर हाणायचं. संथ लयीत जमायचं. योगेशचा ताशा दुगणीत, म्हणजे दुप्पट लयीत शिरला, की फज्जा.

"जोर लावा की गं!" रांगेतली उज्वला करवादली. "पार आभाळात जाऊ दे!"

तिच्या शेजारची भाग्यश्री थबकली. फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली ही मुलगी जमिनीकडं बघत पुटपुटू लागली. घोळ जोराचाच होता. लय चढली की अंगात येतं, हात टिपरू आणखी वर फेकतो. आणि उंच गेलेलं उशिराच परततं. वेळ निम्मा झाला, तर उंची निम्मी करूनही भागत नाही. ती पाव करावी लागते. संथ लयीत टिपरू हातापासून दहा फूट वर जातं. म्हणजे दुगणीत...

"अडीच फूट!" ती ओरडली. "डोक्याच्या जेमतेम वर. त्याहून तसूभर जास्त नको."

"एवढंसंच?" उज्वला म्हणाली. "लोक हसतील ना!"

"आत्ता काय रडतायत का?"

ताशा कडाडला. संथ फेरी झाली, लय दुप्पट झाली. टिपरं उडाली, डोक्यांच्या जरा वर.

"ताई, टिपरू उडवताय की पोळी उलटताय?" मागच्या रांगेतून कुणीतरी खिदळलं.

उत्तर ढोलांनी दिलं. सगळ्या रांगेचा मिळून एकच ठोका. पुन्हा उडाली, पुन्हा एकच. तिसऱ्या फेरीला खिदळणारेही ठेका धरून "हे!" करू लागले. खाली एकही टिपरू नव्हतं.

जीवनदादानं शिट्टी तोंडातून काढली. हसू लपवायचा त्याचा प्रयत्न काही जमला नाही.

"योगेश," तो म्हणाला, "चौपट घे. बघू दे यांचा दम."

उज्वलानं घाबरून भाग्यश्रीकडं पाहिलं. आता अडीच फुटांचाही चौथा हिस्सा. ओरडून सांगायला वेळ नव्हता. ताशा सुटला होता. भाग्यश्रीनं डावा हात उंच धरला आणि अंगठा नि करंगळी ताणून सगळ्या रांगेला वीत दाखवली.