हर्षाला वळण कोणाचं

"आमच्या सात पिढ्यांत कोणी कोणावर हात उचलला नाही!" सुमित्राबाईंनी अंगणवाडीच्या दारात जाहीर केलं. आत त्यांची नात हर्षा नुकतीच एका मुलीला बुकलून बसली होती.

"स्वतः पडते अन् बाजूच्याले मारते," अंगणवाडीताई म्हणाल्या. "घरी कोन शिकवते हे?"

"तिची माय, दुसरं कोन! बोलवा तिलेच, चांगली झापा."

हर्षाचे डोळे भरून आले. "आजी, मी पडली का तूच त भुईले मारतेस! म्हनतेस, इनंच पाडलं माह्या सोनीले. मंग मायचं नाव काऊन सांगतेस?"

सुमित्राबाईंनी पदर सावरला. आवाज एकदम मऊ झाला.



"ताई, सुनेले बोलवाचं तेवढं राहू द्या."