नादोचं दूध

केनियातल्या सांबुरू गुराख्यांच्या त्या शाळेत दुधाच्या पिशव्या पहिल्यांदाच आल्या होत्या. दुष्काळ असा, की गुरं घेऊन गवताच्या शोधात गेलेली माणसं अजून परतली नव्हती. पोरं दुधावर तुटून पडली. फक्त नासिएकू पेला हातात धरून बसली.

"अगं, पी की! कशाची वाट बघतेस?" वारुगुरू बाई ओरडल्या.

"कुठल्या गाईचं आहे, बाई?"

"सरकारी आहे. पी मुकाट्यानं."

"पण गाईचं नाव?"

बाईंच्या आता ध्यानात आलं. नासिएकूच्या घरची रीतच होती, की गाईचं नाव घेऊन, तिचं भलं चिंतून मगच दूध तोंडाला लावायचं. पिशवीवर तर नुसतं चित्र! गाणं म्हण म्हटलं की ही पोर कायम घरच्या तांबड्या गाईचं, नादोचंच गाणं म्हणायची, ते बाईंना आठवलं.

"नादोचं आहे," त्यांनी ठोकून दिलं.

पोरीचा चेहरा उजळला. "नादो, तुझ्या पायाखाली हिरवं गवत राहो," असं पुटपुटत तिने पेला एका दमात रिकामा केला. बाईंनी मनोमन हुश्श केलं.

दुधाची मिशी तशीच ठेवून नासिएकू त्यांच्याजवळ आली.

"बाबा नादोला सोडून कुठंच जात नाहीत. दूध आणणाऱ्यांना सांगा ना, बाई. बाबांना म्हणावं, आता घरी या."