निर्दोष आवृत्ती

कुमुद वर्टी यांनी केलेल्या रोमन महाकाव्याच्या अनुवादात चुका आहेत हे एकदा सिद्ध झालं, की मराठीत लॅटिनचा खरा जाणकार कोण, याचं उत्तर एकच उरणार होतं: प्राध्यापक तुस्कानो. त्याच महाकाव्याचा त्यांचा स्वतःचा अनुवाद पहिल्या सर्गातच अडला होता. पण ते काय, नंतर बघता आलं असतं.

म्हणून प्रकाशनाच्या भर सभेत ते उठले आणि चुकांचा पाढा वाचू लागले. सभागृह अवघडलं. वर्टीबाईंनी मात्र पर्समधून पेन काढलं.

"सर, जरा सावकाश. उतरवून घेतेय."

दुसऱ्या आवृत्तीत त्या सगळ्या चुका दुरुस्त झाल्या. तुस्कानोंचा जळफळाट झाला. त्यांनी नव्या शोधल्या, पुन्हा सभेत वाचल्या. बाईंनी पुन्हा उतरवल्या. आवृत्तीमागून आवृत्ती हेच चाललं.

"अहो, तुमचं पुस्तक कधी?" बायको विचारायची.

"आधी तिच्या चुका तर संपू देत!"

ते निवृत्त झाल्यावर पाचवी आवृत्ती आली. तुस्कानो लाल पेन्सिल घेऊन बसले, पण शेवटच्या पानापर्यंत ती कुठे टेकलीच नाही. उलट मधेच, नकळत, ते मोठ्यानं वाचू लागले.

"किती छान आहे हो!" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुमचं?"

"तिचं."

नाव वर्टीबाईंना मिळालं, निर्दोष काव्य वाचकांना. खर्ची पडलं ते तुस्कानोंचं लॅटिन, आणि पहिल्या सर्गानंतरचं सगळं आयुष्य.