बसकी गाडी

माझ्या बायकोला, पुनमला अचानक कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्सची वाट न बघता मी तिला आणि आईला माझ्या कारमध्ये बसवलं. कुरुंद्याचा दवाखाना चारच किलोमीटरवर होता. पण कुणीतरी पाइपलाइनसाठी रस्ता खोदून मातीचा उंचवटा तसाच सोडला होता. पुढची चाकं पार झाली आणि गाडीचं पोट मातीवर टेकलं. चाकं जागेवरच गरगर फिरू लागली.

"तरी म्हणत होते, इतकी बसकी गाडी घेऊ नको!" आई डाफरली. "आता आमी उतरतो, वजन तरी कमी होईल." पुनमला धरून तिनं शेजारच्या हळदीच्या शेतात नेलं. तिथं खुरपणाऱ्या बाया पुनमकडं धावल्या, गडीमाणसं गाडीकडं.

कुणी चाकांखाली दगड लावले, कुणी मागून रेटू लागलं. मी रस्त्यावर पालथा पडून, गाडीखाली हात घालून माती उकरत होतो. पुनमची किंकाळी आली की आणखी जोरात उकरायचो.

"गाडी मोकळी झाली का?" मागचे विचारायचे.

"न्हाई अजून! पोट टेकलेलंच हाये!"

पुन्हा रेटा, पुन्हा तेच. किंकाळ्या वाढत होत्या. मग एकदम थांबल्या.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "मोकळी झाली!"

मी धडपडत उठलो, स्टिअरिंगवर बसलो, चावी फिरवली. गाडी बोटभरही हलली नव्हती.


हळदीच्या पानांआडून लेकरू रडलं.